सरळ रस्ता, वाकडं स्टीअरिंग

गाडी रिकाम्या, सपाट रस्त्यावरून अगदी नाकासमोर चालली आहे. स्टीअरिंगवरचं कंपनीचं चिन्ह मात्र मान तिरकी करून बसलंय. घड्याळाच्या नऊ आणि तीनवर असायला हवी ती आडवी दांडी दहा आणि चारकडे झुकलीय. घरात एकाला गाडीतलं थोडंफार कळतं अशी बातमी नातेवाइकांत पसरली की हा प्रश्न येतोच येतो. "चालवताना काही त्रास नाही रे, पण दिसायला वाईट दिसतं. ते स्टीअरिंग काढून सरळ बसवून देतात का कुठे?"

देतात. दहा मिनिटांत देतात. आणि बहुतेक वेळा नेमकं तेच करायचं नसतं. का नसतं, ते नीट सांगायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं. तेवढा वेळ फोनवर कोणाला नसतो, म्हणून इथे लिहितोय. ज्यांना गाड्यांचा कंटाळा आहे त्यांनीही वाचून बघा, गोष्ट बरी आहे.

मुळात गाडी वळवणं हा प्रश्नच चार चाकांचा. बैलगाडीला तो नाही. बैल वळले की जू वळतं, जू वळलं की पाठोपाठ गाडी. पण चार चाकं, दोन कणे आणि दोन्ही कणे घट्ट बसवलेले, अशी गाडी फक्त सरळ जाऊ शकते. आपल्याकडचे मोठे रथ आठवा. जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. दोर ओढणारे पुष्कळ असतात, पण रथाला दिशा द्यायचं आणि तो थांबवायचं काम मोगरी लावणाऱ्यांचं. मोगरी म्हणजे लाकडी पाचर. ती नेमक्या वेळी नेमक्या चाकाखाली सरकवायची, की ते चाक अडतं आणि रथ त्या अंगाला वळतो. चार चाकांची वस्तू वळवायला किती कौशल्य लागतं ते एकदा बघितलं की पुढचं सगळं पटकन कळतं.

युरोपातल्या घोडागाड्यांनी यावर काढलेली तोड अशी होती की पुढचा आख्खा कणा मधोमध एका खुंटीवर फिरता ठेवायचा. घोडे वळले की दांडी वळते, दांडीबरोबर कणा, कण्याबरोबर दोन्ही चाकं. सोपं, पण दोन खोड्या. एक म्हणजे कणा जास्त वळला की गाडीच्या खालचा आधार अरुंद होतो आणि गाडी कलंडायला बघते. दुसरी म्हणजे एका चाकाला दगड लागला की आख्खा कणाच हिसका मारून फिरतो. एक गोष्ट मात्र या पद्धतीत कधीच होऊ शकत नव्हती. दांडी एकीकडे आणि चाकं दुसरीकडे, असं. कारण सगळं एकाच तुकड्याचं.

म्युनिकमध्ये गेऑर्ग लांकेनस्पेर्गर नावाचा गाड्या बांधणारा कारागीर होता. त्याने १८१६ च्या सुमारास वेगळा विचार केला. कणा फिरवायचाच कशाला? कणा जागच्या जागी राहू दे. त्याच्या दोन्ही टोकांना प्रत्येक चाकासाठी वेगळी खुंटी लावायची, प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर वळेल, आणि दोन्ही चाकं एका जोडदांडीने एकमेकांना बांधायची. या कल्पनेचं इंग्लंडमधलं पेटंट १८१८ मध्ये लंडनच्या रुडॉल्फ आकरमानने घेतलं. हा आकरमान मूळचा जर्मन, गाड्यांची चित्रं काढणारा आणि पुढे पुस्तकं-चित्रं छापणारा मोठा प्रकाशक. नेल्सनच्या अंत्ययात्रेची गाडीसुद्धा त्यानेच रेखाटली होती. तो लांकेनस्पेर्गरचा फक्त प्रतिनिधी होता, पण आजही जगभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत ही रचना 'आकरमान' म्हणूनच शिकवतात. त्याच्याही साठेक वर्षं आधी, चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांना असंच काहीसं सुचलं होतं. शोध कोणाचा आणि नाव कोणाचं, हा वेगळ्या लेखाचा विषय. असो.

घोडागाड्यांच्या धंद्यात ही कल्पना तेव्हा फारशी रुजली नाही. पण आपल्या प्रश्नाचा जन्म मात्र इथेच झाला. आख्खा कणा वळायचा थांबला आणि दोन चाकं स्वतंत्र झाली, तेव्हापासून 'सरळ' ही निसर्गाने दिलेली गोष्ट राहिली नाही. ती एका दांडीच्या लांबीवर अवलंबून राहिली. दांडी आखूड झाली, वाकली, सैल झाली, की 'सरळ' बदललं.

वळणावर आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. त्यामुळे आतलं चाक जरा जास्त वळायला हवं. हे साधायची व्यवहारातली युक्ती पॅरिसच्या शार्ल जाँतोने १८७८ मध्ये मांडली. चाकांना जोडलेले छोटे हात मागच्या कण्याच्या मध्याकडे रोखून तिरपे ठेवायचे. तरीही मोटारींच्या पहिल्या पिढीला हे सहज जमलं नाही. कार्ल बेंझच्या १८८६ च्या पेटंट गाडीला तीनच चाकं होती, आणि त्याचं एक कारण हेच की चार चाकांसाठी समाधानकारक स्टीअरिंग त्याच्यापाशी नव्हतं. पुढचं एकच चाक असलं की जोडदांडीचा प्रश्नच नाही! चार चाकांचं कोडं त्याने १८९३ मध्ये सोडवलं, तेव्हा त्याच्या 'व्हिक्टोरिया' गाडीला दोन पुढची चाकं आली.

अजूनही गोल स्टीअरिंग नव्हतं. पुष्कळ गाड्यांना होडीच्या सुकाणूसारखा दांडा असायचा. दांड्याचा एक मोठा गुण म्हणजे तो बोट दाखवतो. दांडा मधोमध तर गाडी सरळ, यात शंकेला जागा नाही. पण वेग वाढला तसा दांडा झेपेना, कारण रस्त्यावरचा प्रत्येक दगड थेट मनगटात यायचा. जुलै १८९४ च्या पॅरिस ते रुआं या शर्यतीत आल्फ्रेड व्हाशेराँने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल चाक लावलं होतं. मोटारीवर गोल स्टीअरिंग लावल्याचं हे सर्वांत आधीच्या उदाहरणांपैकी एक. पुढच्या पाच-सहा वर्षांत पानारने ते सरसकट स्वीकारलं, अमेरिकेत पॅकार्डने घेतलं, आणि १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली तोवर गोल स्टीअरिंग ही साधी, अपेक्षित गोष्ट झाली होती.

गोल चाकाने दिलं खूप. चाक आणि दांड्या यांच्यामध्ये दातेरी चक्रं घालता आली, म्हणजे थोड्या जोरात जड गाडी वळू लागली आणि रस्त्याचे हिसके हाताला कमी बसू लागले. पण एक गोष्ट हरवली. गोल वस्तूला स्वतःचं 'सरळ' नसतं. ते फक्त तिच्या आतल्या दांड्यांवरून कळतं. शिवाय स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-साडेतीन फेरे फिरत असेल, तर दांडी आडवी दिसण्याच्या जागा एकाहून जास्त. त्यातली कोणती खरी, हे स्टीअरिंग सांगत नाही. हे 'सरळ' ठरवून दिलेलं असतं, एका कराराने.

हा करार सुरुवातीला सोपा होता, कारण तो दोन कागदांवर होता असं म्हणू. पुढे अखंड कणा असलेल्या गाडीत (आजही ट्रकमध्ये हीच रचना दिसते) दोन वेगळ्या दांड्या असतात. एक जोडदांडी दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधते. दुसरी स्टीअरिंगच्या पेटीपासून एका चाकाकडे जाते. चाकं एकमेकांना समांतर आहेत का, हे पहिली ठरवते. स्टीअरिंग मधोमध आहे का, हे दुसरी. एकीला हात लावला तर दुसरीचं बिघडत नाही. जुने मिस्त्री स्टीअरिंग झटकन सरळ करायचे ते या दुसऱ्या दांडीचा आटा फिरवून, आणि ते अगदी योग्यच होतं.

मग कणा कापला गेला. खड्ड्यात एक चाक गेलं तर दुसऱ्याने का हलावं, या विचारातून पुढची दोन चाकं सस्पेन्शनच्या दृष्टीनेही स्वतंत्र झाली. १९२२ च्या लान्सिया लाम्बडात हे होतं, आणि १९३० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी ते उचललं. कणा नाही म्हटल्यावर एक अखंड जोडदांडी चालेना. तिचे तुकडे झाले. त्यानंतर पसरली ती रॅक अँड पिनिअनची रचना, म्हणजे स्टीअरिंगच्या टोकाशी छोटं दातेरी चक्र, त्यात अडकलेली दातेरी पट्टी, आणि पट्टीच्या दोन टोकांना डावा-उजवा टाय रॉड. १९४८ च्या मॉरिस मायनरमध्ये हीच होती. मॉरिसच्याच घराण्यातून आलेल्या आपल्या अँबॅसडरमध्येही हीच होती, आणि १९८३ च्या मारुती ८०० मध्येही.

आता बघा काय झालं. चाकं समांतर आहेत का आणि स्टीअरिंग मधोमध आहे का, हे दोन्ही करार आता त्याच दोन टाय रॉडच्या त्याच दोन आट्यांवर लिहिलेले आहेत. दोन्ही रॉड सारखे लांब केले तर चाकांचा कल, ज्याला गॅरेजवाले टो म्हणतात, तो बदलतो पण स्टीअरिंग हलत नाही. एक लांब आणि दुसरा तेवढाच आखूड केला तर कल तसाच राहतो आणि स्टीअरिंग सरकतं. आणि एकच रॉड बदलला, मग तो मिस्त्रीने बदललेला असो की खड्ड्याने, तर दोन्ही बिघडतात.

म्हणूनच वाकडं स्टीअरिंग हा बहुतेक वेळा आजार नसतो, निरोप असतो. आणि फार बारीक निरोप असतो. साधारण गाडीत रस्त्यावरचं चाक १ अंश वळायला स्टीअरिंग १५ अंशांच्या आसपास फिरवावं लागतं. म्हणजे स्टीअरिंग भिंगासारखं काम करतं. चाकाला जोडलेला हात १२ सेंटिमीटरचा धरला, तर एका टाय रॉडची लांबी फक्त २ मिलिमीटर बदलली की ते चाक १ अंशाने फिरतं. गाडी चालताना ही चूक दोन्ही चाकं अर्धी-अर्धी वाटून घेतात, म्हणून गाडी सरळच जाते, आणि स्टीअरिंग ७-८ अंश तिरकं होतं. चाकाकडे कितीही रोखून बघा, अर्धा अंश डोळ्याला दिसणार नाही. स्टीअरिंगवर तो लगेच दिसतो.

अर्धा अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. हिशेब करा. अर्धा अंश तिरकं चाक दर किलोमीटरमागे जवळजवळ ९ मीटर आडवं घासत जातं.

माझ्या मावसबहिणीच्या गाडीचं हेच झालं. पावसाळ्यातल्या एका खड्ड्यानंतर तिचं स्टीअरिंग तिरकं झालं. एका गॅरेजने ते काढून सरळ बसवून दिलं, पैसेही फार घेतले नाहीत, ताई खूश. दिवाळीनंतर गाडी सर्व्हिसिंगला टाकली तेव्हा पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडा गुळगुळीत झालेल्या, आणि डावा टाय रॉड डोळ्यांना दिसेल इतका वाकलेला. बाहेरून टायर नवेकोरे दिसत होते. तिच्या गाडीत मागे दोन लहान मुलं बसतात आणि ती गाडी दर पंधरवड्याला घाट उतरते. निरोप्याचं तोंड बंद केलं की असं होतं.

जुन्या मिस्त्रींना हे का चालून जायचं आणि आता का चालत नाही, यालाही इतिहास आहे. पूर्वी स्टीअरिंग निरोप हाताला द्यायचं. चाकं घासली तर हाताला जड लागायचं, एका अंगाला ओढायचं. मग फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने १९२० च्या दशकात पॉवर स्टीअरिंग तयार केलं आणि १९५१ मध्ये क्रायस्लरने ते विक्रीच्या गाडीत आणलं. आज ते बहुतेक गाड्यांत आहे. आराम झाला, पण हाताला जाणवणं कमी झालं. उरली ती फक्त डोळ्यांना दिसणारी आडवी दांडी. शेवटचा निरोप्या तोच.

आणि आता तो निरोप फक्त आपणच वाचतो असंही नाही. १९९५ मध्ये मर्सिडीजने बॉशच्या साथीने गाडी घसरू नये म्हणून इएसपी आणलं. त्यातला संगणक स्टीअरिंगच्या दांड्यावरच्या सेन्सरकडून विचारून घेतो की चालकाला जायचं कुठे आहे, आणि गाडी खरंच तिकडे चालली आहे का ते पडताळतो. नुसतं स्टीअरिंग उपटून सरळ बसवलं तर आपल्या दृष्टीने सगळं सरळ, पण खालचा दांडा आणि त्यावरचा सेन्सर होता तिथेच. आपण म्हणतो सरळ, संगणक म्हणतो चालक किंचित वळतोय. म्हणून अशा बऱ्याच गाड्यांत अलाइनमेंटनंतर सेन्सरला त्याचं शून्य पुन्हा शिकवावं लागतं. शिवाय स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. ती आणि तिच्याखालची गुंडाळीची वायर हे घरी पाना घेऊन उघडायचं काम नाही.

तर मग करायचं काय? क्रमाने सांगतो.

आधी चारही टायरांत हवा बरोबर आहे ना ते बघा. मग सपाट रस्ता शोधा. आपले रस्ते पाणी जावं म्हणून कडेला उतरते असतात, आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे स्टीअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागणं हा गाडीचा दोष नसून रस्त्याचा उतार असू शकतो. रिकाम्या जागी, कमी वेगात, हात स्टीअरिंगच्या अगदी जवळ ठेवून पकड क्षणभर सैल करा. दांडी तिरकी आणि गाडी सरळ, तर टाय रॉडवर संशय घ्या. गाडी एका अंगाला ओढत असेल, तर टायर, अडकलेला ब्रेक किंवा सस्पेन्शन बघायला हवं. ती वेगळी गोष्ट.

मग मोजणी. पुढची चाकं जॅकवर उचलून घेतलेली उत्तम. गॅरेजमध्ये हे करायला दोन मिनिटं लागतात. स्टीअरिंग एका टोकापर्यंत फिरवा, तिथून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर परत या. तिथे दांडी आडवी असेल, तर स्टीअरिंग आपल्या जागी बरोबर बसलेलं आहे आणि दोष खाली आहे. निम्म्यावर आल्यावरही दांडी तिरकीच असेल, तरच कोणीतरी पूर्वी स्टीअरिंग काढून चुकीच्या खाचेत बसवलंय असं समजा. ते काढून बसवणं योग्य ठरतं ते फक्त या एकाच वेळी.

जुन्या, दातेरी पेटीच्या गाड्यांत तर मध्याला आणखी महत्त्व होतं. ती पेटी मुद्दाम मधोमध सर्वांत घट्ट आणि कडेला सैल केलेली असायची. स्टीअरिंग उपटून सरळ दाखवलं की गाडी सरळ चालताना पेटी मध्यावर नसायची, आणि स्टीअरिंगला ढिलाई यायची.

दोष खाली आहे म्हटल्यावर आधी बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, वाकलेलं काही आहे का ते बघून घ्यायचं. सैल सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकतं. आणि अलाइनमेंट चारही चाकांचं करून घ्यायचं. मागची चाकं जरा तिरकी असतील तर गाडी खेकड्यासारखी चालते, आणि तिला सरळ ठेवायला पुढची चाकं कायम थोडी वळवून धरावी लागतात. अशा वेळी पुढचं माप अचूक असूनही दांडी तिरकीच राहते. काम करताना स्टीअरिंग मधोमध कुलूपबंद करून मगच दोन्ही टाय रॉड फिरवायला हवेत. हे झालं की दांडी आपोआप आडवी येते.

शेवटी, आधीच्या आणि नंतरच्या मापांचा छापील कागद मागून घ्या. त्यात मागच्या चाकांचे आकडे आहेत का तेही बघा. हा कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या पावसाळ्यात काही बिनसलं, तर कोणतं चाक हललं हे त्यावरून पाच मिनिटांत कळेल.